घरांतील ‘कामून?’

लहान मूल बोलूं लागलें म्हणजे घरांतील वडील माणसांस फार कौतुक वाटतें. परंतु तेंच मूल विचारूं लागलें म्हणजे त्या कौतुकास लवकरच ओहोटी लागते, हा अनुभव कोणत्याही भरल्या घरास नवा नाहीं. पुण्याकडील मूल ‘कां?’ म्हणून विचारतें, मराठवाड्यांतील मूल ‘कामून?’ म्हणून विचारतें. शब्द निराळा, भूक तीच. अन्नाची भूक मुलानें बोलून दाखविली कीं आपण हातांतलें काम टाकून उठतों. या दुसऱ्या भुकेस मात्र आपण ‘आतां नको, मग सांगेन’ असें म्हणून वाटेस लावतों. आणि तें ‘मग’ बहुधा कधींच येत नाहीं. सुविद्य वाचकांपुढें आज आम्ही हाच विषय मांडणार आहों; आणि तो तत्त्वाच्या भाषेंत न मांडतां, आमच्या डोळ्यांदेखत घडलेल्या एका साध्या गोष्टीवरून मांडणार आहों.

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्ही मानवत येथें एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहिलों होतों. परभणी जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव कापसाच्या बाजारपेठेसाठीं ओळखलें जातें. त्या दिवसांत कापसानें भरलेल्या गाड्या रस्त्यानें एकसारख्या येत असतात, आणि वाऱ्यानें उडालेले कापसाचे पुंजके बाभळींच्या कांट्यांस अडकून राहिलेले दिसतात. घर मोठें. आजी, दोघे मुलगे, दोघी सुना आणि चार नातवंडें असा परिवार. दिवेलागणीच्या सुमारास आजी ओसरीवर बसून वाती वळीत होत्या, आणि सहा वर्षांचा धाकटा नातू त्यांच्या गुडघ्यास टेकून पाहत होता. देवापुढें निरांजन लागलें, तसें त्यानें विचारलें,

“आजी, वात जळते का तेल जळतं?”

थोरले काका वर्तमानपत्र वाचीत होते. ते म्हणाले, “आधी शुभंकरोति म्हण, मग प्रश्न.” मुलाचे वडील नुकतेच दुकानांतून आले होते. ते हौशी, त्यांनीं तत्काळ खिशांतून मोबाइल काढला आणि त्यालाच प्रश्न विचारला. यंत्रानें दीड मिनिटभर न चुकतां उत्तर सांगितलें. परंतु पहिल्या दहा क्षणांतच चिरंजीव तेथून उठून मांजरामागें धांवले होते! प्रश्न मुलाचा, उत्तर यंत्राचें, आणि ऐकणारे एकटे वडील, असा तो प्रकार झाला.

मांजर निसटल्यावर मूल पुन्हा आजीपाशीं आलें, आणि पुन्हा तोच प्रश्न. तेव्हां त्या माउलीनें जें उत्तर दिलें, तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्या म्हणाल्या, “मला कुठं ठाऊक आहे, बाळा? पन्नास वर्षं दिवा लावतेय, पण हे काही पाहिलं नाही. चल, पाहू या.”

त्यांनीं दोन पणत्या घेतल्या. एकींत नुसती कोरडी वात ठेवली, दुसरींत तेल घालून तीत तशीच वात भिजविली. दोन्ही त्यांनीं स्वतःच पेटविल्या. नातवास हातभर दूर बसविलें. कोरडी वात भुर्रकन् पेटून पाहतां पाहतां राख झाली. तेलांतील वात आमचीं जेवणें उरकेपर्यंत शांतपणें तेवत होती, आणि तेल मात्र खालीं खालीं जात होतें. मुलानें पणतीच्या कडेला कोळशानें रेघ मारून ठेवली होती. त्यामुळें तेल उतरलें हें त्यास कोणी सांगावें लागलें नाहीं. तें म्हणालें, “तेल जळतं! वात थोडीथोडीच जळते.” आणि लगेच, “मग वात कामून लागते?”

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचें खरें उत्तर मिळालें याची खूण हीच, कीं त्यांतून दुसरा प्रश्न उपजला. मोबाइलनें दिलेलें उत्तर चूक नव्हतें. पण त्यांतून कांहींच उपजलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू झाला. वात तेल ‘पिते’ आणि वर नेते, हें मुलाच्या ध्यानीं आलें होतें. तेव्हां ती पाणीही पीत असेल असें समजून त्यानें वाटीभर पाण्यांत घरच्या कापसाची एक वात टाकली. ती बुडेना! बराच वेळ ती कोरडी ठणठणीत पाण्यावर तरंगत राहिली. एवढ्यांत धाकट्या सूनबाई स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दवाखान्यातला कापूस मात्र लगेच भिजतो हं.” त्यांनीं जखमेस लावावयाच्या कापसाचा बोळा आणून त्याच वाटींत सोडला. तो क्षणांत पाणी पिऊन तळाशीं गेला. दोन्ही कापूसच, दोन्ही पांढरे. आणि वागणूक अशी उलट! सारें घर वाटीभोंवतीं गोळा झालें. वर्तमानपत्र खालीं ठेवून थोरले काकाही आले.

याचें कारण असें आहे. कापसाचा एकेक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकेक पेशी होय. इंचभर लांब आणि केसाहूनही बारीक अशी ती पेशी असते. बोंड उकललें कीं ती वाळून चपटी होते आणि तिला पीळ पडतो. या पिळामुळेंच तंतु एकमेकांत अडकतात आणि सूत निघूं शकतें. शेतांतून आलेल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर निसर्गानेंच मेणाचा एक अत्यंत पातळ थर चढविलेला असतो. वजनानें पाहिलें तर तो शंभरांत जेमतेम एक भाग, अथवा त्याहूनही कमी; परंतु पाण्यास दूर ठेवण्यास तेवढा पुरतो. तेलाचें व मेणाचें मात्र जमतें, म्हणून कच्च्या कापसाची वात तेल आवडीनें शोषते. औषधी कापूस तयार करतांना तो क्षारांत उकळून हें मेण काढून टाकतात. मग त्यास पाण्याचें वावडें राहत नाहीं. तंतूंच्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतें, यास केशाकर्षण म्हणतात. टोंकाशीं पोंचलेल्या तेलाची उष्णतेनें वाफ होते आणि जळते ती मुख्यतः वाफ. तेलाचा पुरवठा चालू आहे तोंवर वात सांभाळली जाते. टोंक तेवढें काजळतें, म्हणून आजीबाई ती अधूनमधून पुढें सारतात.

हें सारें आम्ही त्या मुलास सांगितलें काय? मुळींच नाहीं. सहा वर्षांच्या मुलास ‘केशाकर्षण’ हा शब्द देऊन काय उपयोग? त्यानें दोन गोष्टी स्वतः पाहिल्या: एक कापूस तरंगतो, दुसरा बुडतो. शब्द पुढें येतील तेव्हां त्यांना बसावयास ही जागा तयार झाली, एवढें पुरे.

परंतु आम्हांस त्या घरीं जी खरी चिंता वाटली, ती या मुलाविषयीं नव्हती. ती त्याच्या बारा वर्षांच्या थोरल्या बहिणीविषयीं होती. मुलगी हुशार, वर्गांत पहिली येणारी, वागण्यांत अतिशय शालीन. सारें घर वाटीभोंवतीं जमलें असतां ती एकटीच आपल्या वहींत उत्तरें उतरवीत बसली होती. आम्हीं तिला जवळ बोलावून विचारलें, “तुला नाही का काही विचारावंसं वाटत?” तिनें शांतपणें उत्तर दिलें, “परीक्षेत येणार नाही ते कशाला विचारायचं, काका?” तिची आई हळूच म्हणाली, “लहानपणी हीही फार विचारायची.” त्या वाक्यानें आम्ही निरुत्तर झालों. सहा आणि बारा या दोन वर्षांच्या मध्यें त्याच प्रेमळ घरांत, कोणीही रागें न भरतां, एक झरा आटला होता. आणि तो आटला हें कोणास कळलेंही नव्हतें.

हें कां होतें? आमच्या मतें याचीं तीन कारणें आहेत. पहिलें, वडिलकीचा गैरसमज. ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हटलें तर मुलांपुढें आपला मान कमी होईल, अशी भीति आपणां शिकलेल्या माणसांस फार. मग आपण एक तर दटावतों, नाहीं तर ठोकून देतों. दुसरें, घाई. उत्तर देऊन मोकळें होण्याची आपणांस इतकी तांतड असते, कीं मुलास पाहावयास अवधिच मिळत नाहीं. आणि हातांतील यंत्रामुळें ही घाई आतां दसपट वाढली आहे. तिसरें कारण आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि तेथील सरकारी शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही तेंच माध्यम होतें. ज्यांची घरची भाषा मराठी, त्या मुलांच्या मनांत प्रश्न उठे तो मराठींत, आणि शाळेंत उत्तर द्यावें लागे तें पाठ केलेल्या परक्या वाक्यांत. भाषा बदलली, मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, पुढें १९६० सालीं महाराष्ट्राचें राज्य झालें. तरी ‘शाळा म्हणजे उत्तरांची जागा, प्रश्नांची नव्हे’ ही सवय मात्र सर्वत्र मागें राहिली. आणि आतां घराघरांत इंग्रजी माध्यमाची ओढ असल्यानें तीच अडचण नव्या वेषांत पुन्हा दाराशीं आली आहे. ज्या भाषेंत मूल ‘कामून’ म्हणतें, त्या भाषेंत निदान घरीं तरी त्यास उत्तर शोधावयास मिळावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं.

कोणी म्हणेल, हें प्रश्न विचारण्याचें खूळ पाश्चात्त्यांचें आहे. तसें मुळींच नाहीं. छांदोग्य उपनिषदांतील श्वेतकेतूची कथा आपल्या घरांतून अपरिचित नाहीं. बारा वर्षें अध्ययन करून चोविसाव्या वर्षीं तो घरीं आला तो विद्येचा ताठा घेऊनच. पित्यानें, उद्दालकानें, त्यास व्याख्यान देऊन आरंभ केला असला, तरी ऐन अवघड जागीं त्यानें काय केलें? वडाचें फळ आणावयास सांगितलें, तें फोडावयास लावलें, आंतील बारीक बीं फोडावयास लावलें, आणि विचारलें: काय दिसतें? दुसऱ्या वेळीं रात्रीं पाण्यांत मीठ टाकावयास सांगून सकाळीं तें परत मागितलें. सांपडेना, तेव्हां तेंच पाणी वरून, मधून, तळांतून चाखावयास लावलें. तत्त्वज्ञान अत्यंत गहन. परंतु साधनें कोणतीं, तर वडाचें फळ, मीठ आणि पाणी! प्रश्नोपनिषदाचें तर नांवच प्रश्नावरून पडलें आहे.

पाश्चात्त्यांतही हीच वाट चोखाळणारा एक थोर पुरुष होऊन गेला. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करून वर आला आणि जगद्विख्यात शास्त्रज्ञ झाला. त्यानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, तीं सारीं एका मेणबत्तीवर. ज्योत विझविल्यावर वर जाणाऱ्या धुरास काडी लावली तर ज्योत त्या धुरावरून उडी घेऊन पुन्हा वातीवर येते, हें त्यानें मुलांस दाखविलें. आजीबाईंच्या पणतीशीं बसलेला आमचा मानवतचा बालक आणि फॅरडेचे श्रोते एकाच प्रश्नापाशीं बसले होते, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो.

आणि आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडकांनीं हेंच तत्त्व गरिबांच्या झोंपडीपर्यंत नेलें. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथें काम करून अनुभव घेतलेल्या या विदुषीनें १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य मांडलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग; मग त्यांनीं पानें, फुलें, बिया, खडे, शंखशिंपले यांचींच साधनें केलीं. मुलें शाळेंत येईनात, तर शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, त्याचें मूळ तेथें आहे. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. जें गवताच्या झोंपडीपुढील अंगणांत झालें, तें आपल्या चौसोपी घरांत होऊं नये काय?

आतां प्रत्यक्ष काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. मुलानें ‘कामून’ म्हटलें कीं आपण ‘कारण’ सांगावयास धांवूं नये. आधीं विचारावें, ‘तुला काय दिसतंय?’ मग विचारावें, ‘हें नेहमीं असंच होतं का?’ नंतर, ‘हें बदललं तर काय होईल? तुला काय वाटतं?’ आणि शेवटीं, ‘तुझं म्हणणं बरोबर आहे हे आपल्याला कसं कळेल?’ या चार पायऱ्या चढतां चढतां निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें मुलासच सांपडतात. उरलेल्यांसाठीं पुस्तक आहे, शिक्षक आहेत, आणि हो, मोबाइलही आहे. तो शेवटीं यावा, आरंभीं नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें.

वस्तूंसाठीं बाजारांत जावयास नको. उन्हाळ्यांतील माठच घ्या. त्यांतील पाणी गार कां होतें? दोन सारखीं लहान मडकीं घ्यावीं. एकास बाहेरून तेलाचा हात चांगला मुरवावा. दोन्हींत पाणी भरून दुसऱ्या दिवशीं कोणतें अधिक गार, तें मुलांस बोट बुडवून सांगूं द्यावें. पाणी पाझरून वाळतें, आणि वाळतांना उष्णता घेऊन जातें. पाझरच बंद केला तर गारवा कोठून येणार? वैशाखांत गार होणारा माठ श्रावणांत तितका कां होत नाहीं, हा पुढचा प्रश्न पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावा. प्रश्न तीन महिने सांभाळण्यांतही एक गोडी आहे.

ज्वारीची भाकरी थापतात, आणि गव्हाची पोळी लाटतात, असें कां? दोन्ही पिठांचे लहान गोळे मुलांच्या हातीं द्यावे आणि ओढून पाहावयास सांगावें. गव्हाचा ताणतो, ज्वारीचा तुटतो. गव्हाच्या पिठांत भिजल्यावर लवचिक होणारा ग्लुटेन नांवाचा पदार्थ तयार होतो, तसा ज्वारींत होत नाहीं. म्हणून तर काकू ज्वारीचें पीठ कढत पाण्यानें मळतात. परभणीच्या कृषि विद्यापीठानें ‘परभणी मोती’ नांवाचें ज्वारीचें वाण काढलें आहे. त्या थोर विद्येचें आणि आपल्या परातीचें नातें मुलांस येथें दाखवितां येईल. तशीच अंगणापलीकडची काळी माती. चैत्रांत तिला पडलेल्या भेगेंत काडी घालून खोली मोजून ठेवावी, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर पुन्हा त्याच जागीं जावें. भेग मिटलेली असते. या मातीचे सूक्ष्म कण पाणी घेऊन फुगतात आणि वाळले कीं आकसतात. शेजारच्या मुरमास तशा भेगा कां पडत नाहींत, तें मुलेंच विचारतील.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. या प्रश्नांचीं उत्तरें ज्यांच्या हातांत असतात, त्यांस आपण विद्वान् म्हणत नाहीं. दवाखान्याचा कापूस बुडतो हें पदवीधर काकांस ठाऊक नव्हतें; सूनबाईंस ठाऊक होतें, पण त्यांना आजवर कोणी विचारलेंच नव्हतें. माठाचें मर्म कुंभारास, मातीचें शेतांत राबणाऱ्या गड्यास, आणि बोंड केव्हां वेंचावें हें वेंचणाऱ्या बायांस ठाऊक. मुलास त्यांच्याकडे आदरानें पाठवावें, आणि ‘काका’, ‘मावशी’ म्हणून विचारावयास शिकवावें. आपल्या ज्ञातींतील मुलें पुस्तकी होतात, हा आक्षेप निव्वळ खोटा नाहीं. त्यावर औषध आहे तें हेंच.

दोन सावधगिरीच्या सूचनाही हव्यात. अग्नि, वीज, औषधें आणि विहीर यांपाशीं मुलास एकटें प्रयोग करूं देऊं नये; तेथें वडील माणसानेंच हात घालावा. आणि प्रश्नांची परीक्षा करूं नये. मूल खेळावयास उठलें तर जाऊं द्यावें. पाहुण्यांपुढें ‘सांग बरं, तेल जळतं कीं वात?’ म्हणून त्यास उभें करणें ही तर कुतूहलाची हत्याच होय.

मानवतच्या आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस. संध्याकाळीं आजी पुन्हा वाती वळीत बसल्या होत्या. थोरली नात वही मिटून उंबऱ्यापाशीं येऊन उभी राहिली, आणि कोणाकडेही न पाहतां म्हणाली, “आजी, दवाखान्यातल्या कापसाची वात लावली तर?” क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग थोरले काका ठामपणें म्हणाले, “चालणार नाही. त्यातलं मेण काढलेलं असतं. तो तेल पिणार नाही.” आम्हांसही तसेंच वाटलें होतें. मुलीनें वात वळली, तेलांत ठेवली. आजींनीं ती लावली.

वातीनें तेल बिनतक्रार ओढून घेतलें, आणि ती शांतपणें जळूं लागली. बारीक फटी त्या कापसांतही असतातच, आणि तेलास वर चढावयास त्या पुरतात. काकांनीं एकदां ज्योतीकडे, एकदां पुतणीकडे पाहिलें, आणि म्हणाले, “चुकलो की मी!”

मुलगी हंसली. आम्ही तेथें राहिलों त्या चार दिवसांत तिला हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें. मग तिनें विचारलें, “कामून चुकलात, काका?” आणि काका वर्तमानपत्र बाजूस सारून तिच्याजवळ ओसरीवर बसले.